कोड फॉरमॅटर आणि टीमची एकसारखी शैली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन आलेल्यांना कोडबेस समजावून देण्याचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे फॉरमॅटिंगबद्दलचे तेच ते प्रश्न मेसेजवर सतत येत राहतात. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं विचारतात, दहा वर्षं काम केलेले लोकही विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोड कसा दिसावा हे टीमने एकदा ठरवावं आणि पुढचं काम मशीनवर सोपवावं. रिव्ह्यू करणाऱ्याचं लक्ष ही टीमकडची सगळ्यात महागडी गोष्ट आहे. ते स्वल्पविरामांवर खर्च झालेलं मला बघवत नाही.

१. फॉरमॅटर म्हणजे काय? लिंटर आणि फॉरमॅटर एकच ना?

नाही, दोन्ही वेगळे. फॉरमॅटर मांडणी बदलतो: इंडेंट किती (ओळ किती आत सरकवायची), ओळ कुठे तोडायची, महिरपी कंस कुठे, कोट एकेरी की दुहेरी. लिंटर कोड वाचून शंका काढतो. हे व्हेरिएबल कुठेच वापरलेलं नाही, इथे तुलना करायची होती की किंमत द्यायची होती, हा इम्पोर्ट कशासाठी आहे, अशा शंका. फॉरमॅटर काही न विचारता काम उरकतो, लिंटर बहुतेक वेळा बोट दाखवून थांबतो.

प्रीटियर किंवा ब्लॅकसारखा फॉरमॅटर आधी कोड वाचून त्याची झाडासारखी रचना तयार करतो आणि मग तीच रचना आपल्या नियमांनी नव्याने लिहून काढतो. त्यामुळे तुम्ही फंक्शन एका ओळीत कोंबलेलं असो की दहा ओळींत पसरलेलं, बाहेर येणारा मजकूर बहुतांशी सारखाच असतो.

दोघांना एकच काम दिलं तर भांडण होतं. लिंटर म्हणतो सेमिकोलन काढ, फॉरमॅटर पुन्हा घालतो. ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरने २०२३ मध्ये आपल्या मुख्य संचातले मांडणीचे नियम कालबाह्य ठरवले आणि हे काम स्वतंत्र फॉरमॅटरला द्या असं सुचवलं. मांडणी फॉरमॅटरकडे आणि चुका शोधणं लिंटरकडे, ही वाटणी आम्हालाही मानवली आहे.

२. कोड चालतोय ना, मग दिसण्याचं एवढं काय?

यातला 'चालतोय' हा शब्दच तपासून बघावा लागतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती आणली होती. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये एक 'इफ' होता आणि त्याला महिरपी कंस नव्हते. त्याखाली 'गोटू फेल' (चूक हाताळणाऱ्या भागाकडे उडी मार) ही ओळ एकाऐवजी दोनदा पडली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या असल्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं की दोन्ही त्या अटीच्या पोटात आहेत. कंपायलरला इंडेंट दिसत नाही. त्याच्या लेखी पहिली ओळ अटीत होती आणि दुसरी अटीबाहेर, म्हणजे दरवेळी चालणारी. त्यामुळे सर्व्हरच्या डिजिटल सहीची खरी तपासणी न होताच कोड पुढे जायचा आणि उत्तर मात्र 'सगळं ठीक' असं यायचं.

त्या फाइलवर फॉरमॅटर फिरवला असता तर दुसरी 'गोटू फेल' डावीकडे सरकून थेट 'इफ'च्या रेषेत आली असती. तेवढं एक पाऊल सरकणं डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, डोळ्यांना नक्की खुपलं असतं. पुढे जीसीसी ६ या कंपायलरमध्ये, म्हणजे २०१६ साली, फसव्या इंडेंटबद्दलचा इशाराही आला.

असा प्रसंग रोज येत नाही, मान्य. रोजचा फायदा डिफचा. सगळ्यांच्या एडिटरची मांडणी सारखी असली की पुल रिक्वेस्टमध्ये (रिव्ह्यूसाठी पाठवलेल्या बदलांत) फक्त खरे बदल दिसतात.

३. फॉरमॅटरने कोड बिघडवला तर?

रास्त भीती आहे. ब्लॅक हे काम करताना स्वतःलाच तपासतो. मूळ कोड आणि नव्याने लिहिलेला कोड, दोन्हींच्या सिंटॅक्स झाडांची तो तुलना करतो, आणि ती अर्थाने सारखी नसतील तर फाइलला हात न लावता चूक दाखवतो.

तरी दोन जागी जपून राहा. सी आणि सी++ मध्ये क्लँग-फॉरमॅट 'इन्क्लूड'च्या ओळी क्रमाने लावू शकतो. एखादी हेडर फाइल दुसरीच्या आधी येण्यावर अवलंबून असेल तर बिल्ड मोडतं. खरा दोष त्या हेडरचा असतो, पण तो उघडा पडतो फॉरमॅटर लावल्याच्या दिवशी. दुसरी जागा एचटीएमएल. तिथे दोन टॅगांमधली रिकामी जागासुद्धा पानावर दिसते, म्हणून प्रीटियर ती राखायला जातो आणि कंसाची टोकं विचित्र ठिकाणी तोडतो. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण पान जसंच्या तसं राहतं.

४. कोणत्या भाषेला कोणता फॉरमॅटर?

गो असेल तर गोफम्ट, रस्ट असेल तर रस्टफम्ट. दोन्ही भाषेसोबतच येतात. पायथॉनला ब्लॅक किंवा रफ. रफचा फॉरमॅटर २०२३ मध्ये आला, तो रस्टमध्ये लिहिलेला आहे, ब्लॅकशी जवळपास पूर्ण जुळतो आणि वेगात फार पुढे आहे. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, सीएसएस आणि मार्कडाउनला प्रीटियर. सी आणि सी++ ला क्लँग-फॉरमॅट. निवडीवर आठवडा घालवू नका. भाषेचे लोक जे सर्वाधिक वापरतात ते घ्या आणि पुढे चला.

५. टॅब की स्पेस?

भाषेचा रिवाज असेल तो पाळा. गोफम्ट टॅब घालतो. पायथॉनचं पेप ८ हे २००१ सालचं पत्रक चार स्पेस सांगतं. लिनक्स कर्नलमध्ये टॅब, तोही आठ रकान्यांचा. मेकफाइलमध्ये तर सर्वसाधारणपणे टॅबशिवाय कामच होत नाही.

जिथे रिवाज नाही तिथे मी टॅबच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, कारण तो फार कमी जण मांडतात. टॅब किती रुंद दिसावा हे प्रत्येकाला आपल्या एडिटरमध्ये ठरवता येतं. ज्यांची दृष्टी अधू आहे आणि ज्यांना अक्षर खूप मोठं करून वाचावं लागतं, त्यांची अर्धी ओळ आठ स्पेसमध्ये संपते. ब्रेल डिस्प्लेवर तर एकेक स्पेस एकेक खाना अडवते. टीममध्ये असं कोणी असेल तर त्यांना आधी विचारा आणि त्यांचा शब्द अखेरचा माना.

६. ओळीला ८० अक्षरांची मर्यादा कशाला? आता स्क्रीन केवढे मोठे आहेत!

८० हा आकडा पंचकार्डापासून चालत आला. आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड १९२८ चं, आणि पुढे टर्मिनलही त्याच रुंदीचे झाले. आज पेप ८ मध्ये ७९ आहे, प्रीटियरमध्ये ८०, ब्लॅकमध्ये ८८ आणि रस्टफम्टमध्ये १००. लिनक्स कर्नलच्या तपासणी स्क्रिप्टनेही २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा १०० वर नेली, पण ८० ला पसंती कायम ठेवली.

स्क्रीन मोठी झाली तरी रिव्ह्यू करताना आपण जुना आणि नवा कोड शेजारीशेजारी उघडतो, आणि तिथे अर्धीच रुंदी मिळते. म्हणून मी ८८ ते १०० च्या पुढे जात नाही. फॉरमॅटरचा मूळ आकडा तसाच ठेवलात तर चर्चाही वाचते. फॉरमॅटर लांब स्ट्रिंग किंवा लांब यूआरएल सहसा तोडत नाही, त्यामुळे एखादी ओळ बाहेर गेली तर घाबरू नका.

७. फॉरमॅटर नेमका कुठे लावायचा? एडिटरमध्ये, प्री-कमिटमध्ये की सीआयवर?

तिन्हीकडे, पण प्रत्येकाचं काम वेगळं. एडिटरमध्ये सेव्ह करताना चालला की सवय लागते. प्री-कमिट हूक, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी (कमिट करण्याआधी) आपोआप चालणारी स्क्रिप्ट, विसरलेल्यांना आठवण करून देतो, पण तो एका फ्लॅगने टाळता येतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. अखेरचा पहारा सीआयचा, म्हणजे पाठवलेला प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेचा. तिथे फॉरमॅटर तपासणीच्या मोडमध्ये चालवा, म्हणजे फरक असेल तर बिल्ड लाल होईल. सीआयनेच कोड सुधारून परत कमिट करावा अशी मागणी काही जण करतात. मला ती पटत नाही. आपल्या ब्रँचमध्ये (कोडच्या आपल्या वेगळ्या शाखेत) न सांगता दुसरा कोणी लिहितोय, यामुळे नवीन मुलं हमखास गोंधळतात.

एक बारीक खोच आहे. तुम्ही फाइलमधले निवडक बदलच स्टेज केले (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवले) असतील आणि हूकने पूर्ण फाइल फॉरमॅट करून पुन्हा स्टेज केली, तर नको असलेले बदलही कमिटमध्ये शिरतात. हूक हाताने लिहिलेला असेल तर हे आधी तपासा. प्री-कमिट आणि लिंट-स्टेज्ड ही तयार साधनं स्टेज न केलेले बदल तात्पुरते बाजूला ठेवतात.

८. आमचा प्रोजेक्ट सात वर्षं जुना आहे. आज सगळ्या कोडवर फॉरमॅटर चालवू का?

चालवा, पण त्या कमिटमध्ये दुसरं काहीही घालू नका. अक्षरशः काहीही.

हे मी कळकळीने सांगतो, कारण याचा फटका मी खाल्ला आहे. आधीच्या एका ठिकाणी मी शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या फाइलींवर फॉरमॅटर फिरवला आणि 'आता हात लागलाच आहे तर' म्हणून बिलाच्या राउंडिंगमधली एक ओळही त्याच कमिटमध्ये दुरुस्त केली. डिफ शेकडो फाइलींचा होता. रिव्ह्यू करणाऱ्या ताईंनी पहिल्या वीसेक फाइली पाहिल्या, सगळीकडे फक्त कोट आणि इंडेंट बदललेले दिसले, आणि त्यांनी मंजुरी दिली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. राउंडिंगची माझी दुरुस्ती चुकीची होती. पुढच्या महिन्यात हिशेब काही पैशांनी जुळेना, आणि ती ओळ शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी फॉरमॅटरची सेटिंग आणि पक्की आवृत्ती एका छोट्या कमिटमध्ये. ती मर्ज झाल्यावर (मुख्य ब्रँचमध्ये मिसळल्यावर) दुसरा कमिट फक्त फॉरमॅटरने केलेल्या बदलांचा, आणि त्याच्या संदेशात नेमकी कोणती कमांड चालवली ते लिहिलेलं. रिव्ह्यू करणाऱ्याने तो डिफ वाचायचाच नाही. तीच कमांड आपल्या मशीनवर चालवायची आणि निकाल तंतोतंत तोच येतो का ते पाहायचं. त्यानंतर लगेच सीआयची तपासणी सुरू करायची, नाहीतर आठवड्यात गाडी मूळपदावर येते. वेळ निवडताना रिलीज नुकतंच झालेलं आणि उघड्या ब्रँच कमीत कमी असलेला दिवस बघा. तरीही उघड्या राहिलेल्या ब्रँचसाठी प्रश्न १० पाहा.

९. तो मोठा कमिट केल्यापासून गिट ब्लेममध्ये सगळीकडे माझंच नाव येतंय. काय करू?

यावर चांगला उपाय आहे. ऑगस्ट २०१९ च्या गिट २.२३ पासून ब्लेमला (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडला) 'या कमिटकडे दुर्लक्ष कर' असं सांगता येतं. रेपोच्या (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या) मुळाशी एक साधी फाइल ठेवा, तिला सगळे 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज' याच नावाने ओळखतात, सुरुवातीला टिंब. तिच्यात त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) लिहा आणि वरच्या ओळीत तो कशाचा आहे याची कॉमेंट. गिटहब ही फाइल आपोआप वाचतं. आपल्या मशीनवर मात्र प्रत्येकाने गिटच्या कॉन्फिगमध्ये ती एकदा नोंदवावी लागते, आणि हेच सगळे विसरतात.

इथे एक सापळा आहे. तुमच्याकडे पुल रिक्वेस्ट स्क्वॉश (सगळे कमिट एकात गोळा) किंवा रिबेस (कमिट नव्याने वर रचून) करून मर्ज होत असतील, तर मर्ज होताना हॅश बदलतो. त्यामुळे मुख्य ब्रँचवर आलेला हॅश मर्जनंतर बघून घ्या आणि तो वेगळ्या कमिटने या फाइलमध्ये घाला.

१०. माझी ब्रँच तीन आठवड्यांची आहे आणि मुख्य ब्रँच काल फॉरमॅट झाली. आता कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट!

हाताने एकही सोडवू नका. आता सुरू असलेला मर्ज रद्द करा आणि या क्रमाने जा.

फॉरमॅटिंगच्या कमिटच्या अगदी आधीचा कमिट शोधा आणि फक्त तिथपर्यंतचं तुमच्या ब्रँचमध्ये मर्ज करा. इथे जे कॉन्फ्लिक्ट येतील ते खरे, दोन माणसांनी एकच गोष्ट बदलल्याचे. ते नीट सोडवा. मग त्याच आवृत्तीचा, त्याच सेटिंगचा फॉरमॅटर तुमच्या ब्रँचवर चालवून कमिट करा. आता फॉरमॅटिंगचा कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने मर्ज करा. म्हणजे गिटला सांगायचं की त्यातला मजकूर घेऊ नको, फक्त तो आत आल्याची नोंद कर, कारण तेच बदल तुमच्याकडे आधीच झालेले आहेत. शेवटी मुख्य ब्रँचचं उरलेलं नेहमीसारखं मर्ज करा.

'अवर्स' फक्त त्या एकाच कमिटसाठी आहे. मुख्य ब्रँचच्या टोकावर तो वापरलात तर इतरांचं काम चुपचाप गळून जाईल.

११. माझ्या मशीनवर सगळं हिरवं, सीआयवर लाल. असं का?

बहुतेक वेळा आवृत्ती वेगळी असते. मांडणीचे नियम आवृत्तीगणिक थोडे बदलतात. प्रीटियर ३ ने २०२३ मध्ये यादीच्या शेवटच्या स्वल्पविरामाचा मूळ नियम बदलला, आणि ज्यांनी आवृत्ती बांधलेली नव्हती त्यांच्या असंख्य फाइली एका दिवसात 'चुकीच्या' ठरल्या. ब्लॅकचं धोरण यात सांभाळून वागणारं आहे. स्थिर शैलीतले बदल फक्त जानेवारीत, वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत येतात. तरी आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत बांधा, आणि वाढवाल तेव्हा प्रश्न ८ सारखाच वेगळा कमिट करा.

आवृत्ती सारखी असेल तर एडिटरचं एक्स्टेन्शन प्रोजेक्टमधला फॉरमॅटर वापरतंय की स्वतःसोबत आलेला, ते बघा.

१२. मी एक अक्षर बदललं आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते!

हे ओळ संपवण्याच्या चिन्हाचं प्रकरण आहे. विंडोजवर ओळ दोन चिन्हांनी संपते, लिनक्स आणि मॅकवर एका. एडिटरने सगळ्या ओळींची टोकं बदलली की गिटच्या दृष्टीने प्रत्येक ओळ नवी. प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगवर विसंबू नका. रेपोतल्या गिट-ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये नियम लिहा म्हणजे तो सगळ्यांना लागू होईल, आणि मग 'रीनॉर्मलाइझ' पर्याय देऊन सगळ्या फाइली एकदा ॲड करा. हाही कमिट वेगळाच. एडिटरसाठी एडिटरकॉन्फिग ही छोटी फाइल सोबत ठेवा.

१३. मी हाताने जुळवलेला तक्ता फॉरमॅटर उद्ध्वस्त करतो. त्याला थांबवता येतं का?

येतं, आणि योग्य जागी जरूर थांबवा. तीन बाय तीनची मॅट्रिक्स तीन ओळींत, आकड्याखाली आकडा अशी लिहिलेली असेल तर तिची चूक नजरेला लगेच सापडते. ब्लॅकमध्ये त्या भागाभोवती फॉरमॅट बंद आणि चालू करणाऱ्या कॉमेंट घालता येतात, क्लँग-फॉरमॅटमध्येही तशीच सोय आहे, प्रीटियरमध्ये पुढच्या एका भागापुरती 'इग्नोर' कॉमेंट. मी एकच अट घालतो: बंद करण्याचं कारण शेजारी लिहा.

पुष्कळदा बंद करायची गरजही नसते. ब्लॅकमध्ये यादीच्या शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम ठेवलात तर तो यादी एका ओळीत गोळा करत नाही, प्रत्येक घटक आपल्या ओळीवर राहतो.

आपोआप तयार होणारा कोड आणि बाहेरून आणून ठेवलेल्या लायब्ररी फॉरमॅटरच्या यादीतून सरळ वगळा.

१४. टीममधले सीनियर तयार नाहीत. म्हणतात, ही शैली कुरूप आहे.

त्यांचं ऐकून घ्या, कारण वीस वर्षांची सवय ही खरी गोष्ट आहे. मग गोचं उदाहरण द्या. २००९ मध्ये भाषा बाहेर आली तेव्हापासून गोफम्ट सोबत आहे आणि त्यात शैली बदलायला जवळजवळ पर्यायच नाहीत. त्यामुळे अनोळखी माणसाचा गो कोडही ओळखीचा वाटतो. ब्लॅकनेही पर्याय मुद्दाम कमी ठेवले आहेत. सीनियरना एका छोट्या मॉड्यूलवर महिनाभर वापरून बघायची विनंती करा आणि त्या महिन्यात रिव्ह्यूमध्ये मांडणीवरच्या किती कॉमेंट आल्या ते सोबत बसून मोजा.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. फॉरमॅटर लावला म्हणजे शैली आली असं नाही. एका फाइलीत रकमेला 'टोटल' म्हटलंय, दुसरीत 'अमाउंट', तिसरीत 'एकूण', हे कोणताही फॉरमॅटर एकसारखं करून देत नाही. नावं, फंक्शनची लांबी, कॉमेंटमध्ये काय लिहावं, हे सीनियरनीच शिकवायचं असतं. रिव्ह्यूमधला वाचलेला वेळ तिथे द्यावा.

१५. ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान म्हणून फॉरमॅटिंगची पुल रिक्वेस्ट पाठवू का?

नको. देखभाल करणाऱ्यांना प्रश्न ९ आणि १० मधला सगळा त्रास होतो आणि हाती काही लागत नाही. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये फॉरमॅटर नसेल तर आधी इश्यू उघडून विचारा. आणि दुसरी दुरुस्ती पाठवताना तुमचा एडिटर सेव्ह करताना पूर्ण फाइल फॉरमॅट करत नाही ना, ते तपासा.

१६. आमच्या कोडमध्ये मराठी स्ट्रिंग आणि कॉमेंट आहेत. फॉरमॅटर त्या खराब करेल का?

चांगला फॉरमॅटर स्ट्रिंगच्या आतला मजकूर बदलत नाही. ओळीची लांबी मात्र चमत्कारिक वाटू शकते. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत: क, पाय मोडण्याचं चिन्ह, ष आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये ते बारा बाइट होतात. काही साधनं चारही चिन्हं मोजतात, काही त्यातली काही शून्य रुंदीची धरतात. म्हणून मराठी ओळ 'लवकर' तुटली तर तो बिघाड नाही.

खरा धोका घरगुती साफसफाईच्या स्क्रिप्टचा. २०२१ मध्ये 'ट्रोजन सोर्स' हा हल्ल्याचा प्रकार जाहीर झाला. त्यात मजकुराची दिशा उलटवणारी अदृश्य चिन्हं वापरून कोड वाचणाऱ्याला फसवता येत होतं. ती चिन्हं अडवायलाच हवीत. पण काही टीमनी घाबरून सगळीच अदृश्य चिन्हं काढून टाकणाऱ्या स्क्रिप्ट लावल्या, आणि मराठीला त्यातलं एक चिन्ह लागतं. डोंगरातल्या 'दऱ्या' लिहायची एक पद्धत म्हणजे र, पाय मोडण्याचं चिन्ह, मग शून्य रुंदीचं जोडचिन्ह, आणि य. ते जोडचिन्ह काढलं की आडवा अर्धा र जाऊन रफार येतो आणि शब्द होतो 'दर्या', म्हणजे समुद्र. टेस्ट हिरव्याच राहतात, कंपायलर गप्प असतो, आणि सह्याद्रीवरच्या पानावर समुद्र येतो.

अशी स्क्रिप्ट तुमच्याकडे असेल तर तिला फक्त दिशा बदलणारी चिन्हं अडवू द्या, शून्य रुंदीची जोडचिन्हं तशीच राहू द्या. शिवाय नव्या मजकुरात नुक्त्याचा ऱ वापरून 'दऱ्या' लिहा. त्याला अदृश्य चिन्ह लागत नाही. मग 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या' असे तीन-चार शब्द घेऊन एक छोटी टेस्ट लिहा. स्क्रिप्ट चालण्याआधी आणि नंतर त्यांचे बाइट सारखे राहतात का, एवढंच तिने बघायचं. त्या टेस्टमध्ये प्रत्येक शब्द दोन्ही पद्धतींनी लिहिलेला असू द्या, कारण जुन्या फाइलींत पहिली पद्धत असणारच.